पिक्चर कुणावर हसतोय, ते आधी बघा

पत्र थोडं आखडून देते.

"ताई, नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगा अकरावीत आहे, 16 पूर्ण. मुलगी आठवीत, 13 वर्षांची. सुट्टीला पुण्याहून पुतण्या आलाय, तो 17 चा. येत्या शनिवारी ही तिघं आणि शेजारचा एक मुलगा मिळून आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर एक अमेरिकन पिक्चर बघणार म्हणतायत. शाळेतल्या पोरांचा, विनोदी. मी मोबाइलवर ट्रेलर बघितला आणि कानात बोटं घालावीशी वाटली. शिव्या काय, दारूच्या पार्ट्या काय, मुलींबद्दल नको नको ते बोलणं काय. मी नको म्हटलं तर मुलगा म्हणतो, 'आई, वर्गातल्या सगळ्यांचा बघून झालाय, तू कुठल्या जमान्यात आहेस?' मिस्टर म्हणतात, 'बघू दे की, आम्ही काय कमी बघितलं?' मुलगी वेगळाच हट्ट धरून बसलीय, दादाला चालतं तर मला का नाही. सासूबाई दिवसभर हॉलमध्येच असतात, त्यांचं काय करू ते वेगळंच. परवानगी देऊ का? आणि दर वेळी तुम्हाला विचारत बसता येणार नाही, तर असा पिक्चर मुलांना चालेल की नाही हे ओळखायचं कसं? त्यांच्याबरोबर बसून बघू का? – एक आई."

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. मुलाला आणि पुतण्याला बघू द्या. मुलीला या खेपेला नको. तुम्ही त्यांच्यात बसू नका, पण त्याआधी एकट्यानं तो पिक्चर बघून ठेवा, निदान मी पुढे सांगते तेवढा भाग तरी.

पिक्चरचं नाव तुम्ही कळवलंय. मी ते इथे छापत नाही, कारण छापलं की निम्मे वाचक उत्तर अर्धवट टाकून आधी तो शोधायला जातील. तुमचं पत्र आल्यावर मी तो पूर्ण बघितला. तुमच्या कानांची अवस्था समजू शकते. पण ट्रेलरवरून जे वाटतं त्यापेक्षा तो काही बाबतीत बरा आहे आणि दोन ठिकाणी बराच वाईट. ती दोन ठिकाणं ट्रेलरमध्ये नाहीतच.

शिक्क्याचं बघू, कारण बहुतेक आईवडील तिथेच अडकतात. थिएटरात लागणाऱ्या सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. 1952 च्या कायद्यानं ते चालतं. 'यू' आणि 'ए' या दोन टोकांच्या मध्ये 1983 पासून 'यूए' आलं. 2023 च्या दुरुस्तीनं त्या 'यूए'चेही तीन तुकडे केले: 7+, 13+ आणि 16+. यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात. 'ए' असेल तर 18 च्या आतल्या मुलाला थिएटरात सोडतच नाहीत. 'यूए 16+' असेल तर दारावर कुणी अडवत नाही. तो आकडा पालकांना दिलेली सूचना आहे, निर्णय तुमचा.

तुमचा पिक्चर ओटीटीवर आहे, तिथे तर सेन्सॉर बोर्ड येतच नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे ओटीटी कंपनीनं स्वतःच वयाचा शिक्का लावायचा असतो आणि तो कशासाठी लावला ते सुरुवातीला दाखवायचं असतं: भाषा, नशा, लैंगिक उल्लेख असं काहीतरी. पडद्याच्या कोपऱ्यात दोन-चार सेकंद ती ओळ येते. तेवढ्या वेळात आपण रिमोट ठेवून चकल्यांचा डबा उघडत असतो. 13+ आणि त्यापुढच्या गोष्टींना पालकांसाठी कुलूप देणंही कंपनीला बंधनकारक आहे. तुमच्या पिक्चरला तिथे 16+ दिलंय. 'ए' दिलं असतं तर माझं उत्तर मुलासाठीही 'नाही' असंच आलं असतं, आणि पुतण्या 17 चा आहे म्हणून त्यालाही सूट नसती.

आता पुतण्या तुम्हाला सांगेल की अमेरिकेत याला 'आर' मिळालंय आणि तिथली पोरं सर्रास बघतात. अर्धं खरं आहे. तिथे 'आर' म्हणजे 17 च्या आतल्या मुलानं आईबाप किंवा मोठं माणूस बरोबर घेऊन यायचं. आणि 'आर' मिळायला फार काही लागतही नाही. त्यांची ती एक ठरावीक शिवी एकदा आली तर 13 वर्षांच्या मुलांसाठीच्या शिक्क्यात निभावतं, पुन्हा आली की बहुतेक वेळा 'आर' बसतो. त्यामुळे गंमत होते. 2018 मध्ये 'एट्थ ग्रेड' नावाचा सिनेमा आला. नावाप्रमाणेच आठवीतल्या एका मुलीची गोष्ट: बुजरी, एकटी, मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी. अतिशय जिव्हाळ्यानं केलेला. त्यालाही 'आर'. म्हणजे आठवीतल्या मुलीवरचा सिनेमा आठवीतल्या मुलीला एकटीला तिकीट काढून बघता येईना. शेवटी तो वितरित करणाऱ्या कंपनीनं पन्नासही राज्यांत एकेक फुकट खेळ लावला आणि त्या दिवशी वयाची अट बघितली नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं की शिक्का शिव्या मोजतो, उघडं अंग मोजतो, ग्लास मोजतो. मोजायलाही हवंच कुणीतरी. पण विनोदी पिक्चरमधून पोराच्या डोक्यात जे घर करून राहतं, ते यातलं नसतं. शिव्या तुमच्या मुलाला आधीच येतात, ताई. अकरावीच्या कुठल्याही क्लासच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटं उभ्या राहा. शंभर फुटी रोडला तर दोनच मिनिटं पुरतील.

मी असा पिक्चर बघताना एकच गोष्ट धरून बसते: हसायला लावतोय ते कुणावर?

ही कसोटी काही मी शोधलेली नाही. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथेच 'सीतास्वयंवर' उभं केलं, हे आपल्याकडे पोरासोरांना पाठ असतं. पण मला इथे आठवतात ते हरिपूरचे देवल. 1899 ची 'संगीत शारदा'. पैशासाठी कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायची, हा विषय त्या काळाच्या मानानं काही साधा नव्हता. देवलांनी त्यात लोकांना पोट धरून हसवलं. पण हसू कुणाचं? बाशिंग बांधायला निघालेल्या भुजंगनाथाचं. सोयरीक जुळवून आपलं उखळ पांढरं करणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताचं. मुलीचा सौदा करणाऱ्या कांचनभटाचं. शारदेवर हसायला त्यांनी प्रेक्षकाला एक जागा ठेवली नाही. विषय आचरट आहे की नाही यापेक्षा लिहिणारा कुणाच्या बाजूनं उभा आहे, हे बघायचं असतं. हायस्कूलच्या पिक्चरलाही तेच लावून बघा.

तुमच्या पिक्चरला लावू. सुरुवातीला एक प्रसंग आहे. नायक पोरगा बाथरूमच्या आरशासमोर उभा राहून मुलीशी काय बोलायचं याची तालीम करतो. भावाचा कोट घातलाय, खांदे त्याच्याहून रुंद. एक वाक्य तो पाच आवाजांत म्हणून बघतो, एक जाडा, एक बेफिकीर, एक इंग्लंडातला. मग भुवई उडवायला जातो आणि ती उडतच नाही. बाहेरून आई दार वाजवत असते. बोलतो ते सगळं अचकट-विचकट. पण आपण हसतो ते त्याच्या आव आणण्यावर, आणि ज्या पोराला मिशी फुटतेय तो बघताना मनातल्या मनात म्हणतो, अरे, हे माझंच आहे. तुम्ही ज्या संवादांना घाबरलात त्यातले बरेच असे आहेत. दोन मित्र गाडीत बसून मोठमोठ्या बाता मारतात आणि दोघांनाही काही म्हणजे काही अनुभव नसतो, हे लिहिणाऱ्याला माहीत आहे आणि तो ते लपवत नाही. हे मुलानं बघितलं तर मला काही वावगं वाटत नाही. उलट बरंच वाटेल. 16 व्या वर्षी प्रत्येक पोराला वाटत असतं, मला सोडून सगळ्यांना सगळं कळतं.

आता वाईट भाग. यांच्यात तिसरा एक मित्र आहे, जाड. तो आला की काहीतरी मोडतं. खुर्ची मोडते, झोपाळा तुटतो, पाठीमागे पों-पों असं वाजतं. पिक्चरभर तो खातो, पडतो आणि बाकीचे हसतात. शेवटी सगळे नाचतात तेव्हा तोही नाचतो, झालं, मिटलं. पूर्ण पिक्चरमध्ये त्याला एकही माणूस साधा प्रश्न विचारत नाही. तुमच्या मुलाच्या वर्गात असा एक मुलगा असणारच, किंवा कदाचित शनिवारी जो शेजारचा येणार आहे तोच तसा असेल. मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल.

आणि दुसरं याहून वाईट. पार्टीत एक मुलगी जास्त पिऊन सोफ्यावर झोपलेली असते. एक पोरगा मोबाइल काढून तिचं शूटिंग करतो. तो मोबाइल हातोहात फिरतो, आणि कॅमेरा त्या मुलीकडे न बघता फक्त बघणाऱ्यांचे हसरे चेहरे दाखवतो. मग दुसऱ्याच विनोदावर उडी. ती मुलगी पुन्हा पिक्चरमध्ये येतच नाही. ती जागी झाली का, घरी कशी गेली, सोमवारी शाळेत आली का, कुणाला पडलेली नाही. सगळा प्रसंग मिनिटाच्या आतला. शिव्या मोजणाऱ्याच्या हाताला तो लागणारही नाही, कारण त्यात एकही शिवी नाही.

हा प्रसंग नुसता वाईट चवीचा नाही. आपल्याकडे पोक्सो कायदा 2012 चा आहे आणि त्याप्रमाणे 18 च्या आतलं प्रत्येक जण बालक. अशा मुलीचं लैंगिक स्वरूपाचं चित्रण करणं हा गुन्हा आहे. ते साठवलं किंवा पुढे पाठवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67-बी कलम वेगळं. करणारा 16 चा असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हे तिथे कारण म्हणून चालत नाही. पडद्यावर जे मिनिटात हसून संपलं ते सांगलीत घडलं तर दोन घरं कायमची उद्ध्वस्त होतील, आणि त्यातलं एक मोबाइल धरणाऱ्याचं असेल. मुलाशी बोलायचं असेल तर या मिनिटाबद्दल बोला. शिव्यांवर तोंड वाजवू नका, त्यात तुमची सगळी शिदोरी संपेल आणि खऱ्या गोष्टीच्या वेळी तो कान बंद करून बसलेला असेल.

मग एवढं असूनही मी बघू द्या का म्हणते? कारण तो तसाही बघणार. मोबाइलवर, कानात हेडफोन घालून, अंथरुणात. वर्गातल्या सगळ्यांनी बघितलाय हे त्याचं म्हणणं फुगवलेलं असणार, तरी निम्म्यांनी बघितला असेलच. हॉलमध्ये बघितला तर निदान त्यावर घरात बोलता येतं. आणि दुसरं म्हणजे 16 व्या वर्षी वाईट विनोद ओळखायची सवय लागायला वाईट विनोद समोर यावा लागतो. 13 व्या वर्षी ती अपेक्षा मी करणार नाही, त्याबद्दल पुढे.

तुमच्या मिस्टरांनाही दोन शब्द. 'आम्ही काय कमी बघितलं' हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. दादा कोंडक्यांच्या द्व्यर्थी संवादांवर आपल्या सांगली-साताऱ्याकडची अख्खी गावं हसलेली आहेत. जत्रेतल्या तमाशाच्या बतावणीत काय काय चालायचं ते त्यांनाच विचारा. आपण काही सोवळ्यातून वाढलेलो नाही. फरक आहे तो बसण्यात. तंबूत काका दोन ओळी पुढे असायचा, मास्तर खुर्चीवर असायचे, पोरगं हसताना आधी इकडेतिकडे बघून घ्यायचं. कुठला विनोद कट्ट्यावर न्यायचा आणि कुठला तिथेच सोडायचा, हे न सांगता कळायचं. आता पोरगं एकटं बघतं आणि पिक्चर संपायच्या आत त्यातला तुकडा ग्रुपवर गेलेला असतो. तेव्हा मिस्टरांना म्हणावं, बघू द्यायचंय ना, मग शनिवारी संध्याकाळी घरी थांबा.

अमेरिकेतलं काही आपल्या मुलाला सरळ जग म्हणून दिसतं, तेही बोलता बोलता कानावर घाला. तिथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. बहुतेक राज्यांत 16 व्या वर्षी गाडीचा परवाना मिळतो, म्हणून ती पोरं सारखी गाडीत दिसतात. दारूचं वय मात्र तिथे 21 आहे. या पिक्चरांतली निम्मी धावपळ खोटं ओळखपत्र मिळवण्यासाठी असते ती त्यामुळे. म्हणजे ती पोरं जे करतात ते तिथेही चोरूनच आहे. आपल्या महाराष्ट्रात तर कडक दारूला 25 ची अट आहे. आणखी एक: पडद्यावरची 17 वर्षांची पोरं बहुतेक 23-25 ची नटनट्या असतात. ते खांदे, ते सपाट पोट, ती नितळ कातडी अकरावीतल्या पोराला कुठून यायची? हे मुलाला सांगून बघा. माझा अनुभव असा की नैतिकतेच्या दहा वाक्यांपेक्षा या एका माहितीनं पोरं जास्त चमकतात. मग ती स्वतःच नटांची वयं शोधत बसतात.

ओळखायचं कसं, हे विचारलंत. ट्रेलरवर जाऊ नका. तो माल खपवायला केलेला असतो. कधी सगळी घाण त्यात गोळा केलेली असते, कधी एकदम धुतल्या तांदळासारखा असतो. इंटरनेटवर आयएमडीबीच्या पानावर प्रत्येक सिनेमाखाली पालकांसाठी एक भाग असतो. नग्नता, हिंसा, शिव्या, दारू-नशा, भीतीदायक प्रसंग असे वेगवेगळे कप्पे करून कुठे काय आहे ते लोकांनी लिहिलेलं असतं. कॉमन सेन्स मीडिया नावाची अमेरिकन साइट आहे, ती वयाप्रमाणे सांगते. दोन्ही इंग्रजीत आहेत, पण मोबाइल भाषांतर करून देतो, मोडकंतोडकं का असेना. हे बघायला पाच मिनिटं लागतात. मात्र ही माणसं परदेशातली आहेत. मुला-मुलींनी एकत्र पार्टीला जाणं त्यांना खटकणार नाही, तुम्हाला खटकेल. आणि आपल्याकडे सहज चालून जातं असं काहीतरी त्यांना खटकलेलं असेल.

त्यानंतर पिक्चर स्वतः बघा. दोन तास नसतील तर पहिला अर्धा तास आणि शेवटची वीस मिनिटं. उगीच नाही सांगत. असले पिक्चर पहिल्या अर्ध्या तासात कुणाकुणाला हसायचं ते ठरवून टाकतात, आणि शेवटच्या वीस मिनिटांत कळतं की ज्याच्यावर हसले त्याला माणूस म्हणून परत आणलं की तसंच वाऱ्यावर सोडलं. मधला भाग बहुतेक पळापळीचा असतो. तुमच्या पिक्चरचं हेच झालंय: दोन मुख्य मित्रांना शेवटी फार छान सावरून घेतलंय, त्यांचं भांडण आणि माफी मागणं मला खरंच आवडलं. तो जाडा पोरगा आणि ती सोफ्यावरची मुलगी मात्र तशीच राहिली. चांगला पिक्चर, आळशी लिहिणारा.

बघायची सोय. हिंदी डबिंग लावू देऊ नका, मूळ इंग्रजी आणि खाली इंग्रजी अक्षरं. आपल्या कानाला इंग्रजी शिवी अर्धीच लागते, हिंदी पुरी लागते. आणि डबिंगवाले कित्येकदा मूळात नसलेली टिंगल हौसेनं घालतात. सासूबाईंना इंग्रजी कळत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. त्यांना हसण्याचा प्रकार कळतो. त्या शनिवारी संध्याकाळी त्यांना गणपतीच्या देवळात घेऊन जायला कुणी असेल तर उत्तम, नसेल तर आधीच सांगून टाका की पोरांचा इंग्रजी पिक्चर आहे, तुम्ही आतल्या खोलीत मालिका लावा. हॉल पोरांना मिळतोय हे त्या मान्य करतील. चोरून काही चाललंय असं वाटलं तर मात्र चष्मा लावून पुढे येऊन बसतील.

तुम्ही बसू नका. 16 वर्षांच्या पोराशेजारी आई बसली की दोघांचाही जीव अर्धा होतो, आणि मोकळेपणानं हसताही येत नाही, नको तिथे गप्पही राहता येत नाही. तुम्ही स्वयंपाकघरात राहा, भडंगाचं पातेलं घेऊन एकदा या, पाण्याची बाटली ठेवायला एकदा या. दारात हाताची घडी घालून उभ्या राहू नका. आणि आत जाता-येता पडद्याकडे नको, पोरांकडे बघा. एक गोष्ट मी कित्येक वेळा बघितलीय: नवखा विनोद आला की पोरं आधी एकमेकांकडे बघतात. कुणीतरी पहिला हसतो आणि मग बाकीचे. तुमचा मुलगा पहिला हसणारा आहे का नंतर हसणारा, हे कळलं तर तुम्हाला बरंच काही कळेल.

पिक्चर संपल्यावर लगेच चर्चा नको, पुतण्यासमोर तर नकोच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गाडीवर मागे बसला असेल तेव्हा किंवा भाजी आणायला गेलात तेव्हा, एवढंच विचारा: "त्या सोफ्यावरच्या मुलीचं पुढे काय झालं रे? मला कळलंच नाही." म्हणजे तुम्ही पिक्चर बघितलाय हे त्याला समजेल, आणि तो क्षणभर गप्प होईल. कदाचित म्हणेल, "आई, पिक्चर आहे तो." तेव्हा "हो, पिक्चरच आहे" म्हणा आणि गवारीचा भाव विचारा. त्यानं ऐकलंय. 67-बी वगैरे लगेच त्याच्या डोक्यात घालू नका. तो स्वतः त्या विषयावर परत आला, आणि बहुतेक येईल, तेव्हा सांगा. तेव्हा मात्र स्पष्ट सांगा, कायद्याचं नाव घेऊन.

मुलीचं अवघड आहे, आणि ते तिच्यामुळे नाही. आपल्या घरांतून मुलाला 16 व्या वर्षी जे मिळतं ते मुलीला 26 व्या वर्षीही मिळत नाही. तिला ते दिसतं. तुमच्या 'नाही'मध्ये ती तेच ऐकणार. म्हणून कारण वय आहे हे सांगा आणि ते खरं करून दाखवा: "तू 16 ची झालीस की हाच पिक्चर याच हॉलमध्ये लावू, आणि दादा तुला पाणी आणून देईल." असं म्हणणार असाल तर पाळायची तयारी ठेवा, कारण ती तारीख ती विसरणार नाही. नाही का म्हणते, तर तेराव्या वर्षी त्या सोफ्यावरच्या मुलीचा प्रसंग मुलगी वेगळ्या जागेवरून बघते. मुलगे मोबाइल धरणाऱ्याच्या बाजूनं हसतील, आणि ती त्यांच्यात बसून एक तर खोटं हसेल किंवा आतून घाबरेल, आणि दोन्हींबद्दल बोलणार नाही. भाऊ, चुलतभाऊ आणि शेजारचा मुलगा यांच्यामध्ये बसून तर मुळीच नाही.

शनिवारी तिला बंद दाराआड खिदळणं ऐकत बसवू नका. तिला घेऊन बाहेर पडा, हरिपूरला संगमावर जा, येताना भेळ खा. भडंगाची फेरी मिस्टर मारतील, त्यांनाच घरी थांबायला सांगितलंय ना. किंवा रविवारी टीव्ही तिच्या ताब्यात द्या, 13+ पर्यंतचं तिला हवं ते, आणि दादानं नावं ठेवायची नाहीत ही अट. तिच्या प्रोफाइलला 13+ ची मर्यादा आणि तुमच्या प्रोफाइलला पिन लावा. हे तिच्यासमोरच करा, पाठीमागे नको. कुलूप ती उद्या-परवा उघडेलही, त्यात काही विशेष नाही. घरात रेघ कुठे आहे हे तिला माहीत असलं म्हणजे झालं. रील्समधून यातले तुकडे तिच्यापर्यंत आधीच पोचले असतील, तेव्हा "तू काही बघितलंयस का यातलं?" असं रागावल्याशिवाय विचारता आलं तर विचारा.

राहिला शेजारचा मुलगा. त्याचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. पुतण्या तुमच्या जबाबदारीवर आलाय, तरी त्याच्या आईला एक मेसेज टाकून ठेवा. शेजारच्याच्या आईला मात्र मेसेज नको, फोन करा, आणि शनिवारच्या आधी करा. "मुलं इंग्रजी पिक्चर बघणार आहेत" एवढ्यावर भागवू नका. 16+ आहे, शिव्या आहेत, दारूची पार्टी आहे, मी बघितलाय, तुम्हाला चालेल का, असं सरळ विचारा. तो 15 चा असेल आणि त्या नको म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नका आणि त्यांना पटवतही बसू नका. मुलाला सांगा, एक तर पिक्चर बदला नाहीतर तो यायचा नसेल तेव्हा लावा. मुलगा चिडेल. मित्राला फोन करून कारण सांगायचं काम त्याच्यावरच सोपवा, तुम्ही करू नका.